परकारभाईंचा आडोसा

बहरीनमध्ये, तुबलीत, गॅरेजांच्या रांगा जिथे संपतात आणि खाडीचा वास जिथे सुरू होतो, त्या कोपऱ्यावर एक पत्र्याचं कुंपण अजून उभं आहे. राखाडी रंगाचं, ओळंब्यात, एकही पत्रा पुढेमागे नाही. ड्रॉइंग माझं असल्यामुळे त्या सरळपणाचं श्रेय घ्यायला मला आवडलं असतं, पण ते परकारभाईंचं आहे. कुंपणाच्या आत आता काहीच नाही. मोकळी जमीन आहे, आणि ती समोरच्या रस्त्यावरून जराही दिसत नाही. नियमाचं इतकं तंतोतंत पालन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नियम साधा आहे. उघड्यावर साठवलेला माल सार्वजनिक रस्त्यावरून दिसता कामा नये. भंगार असो, पाइप असोत, जुने फ्रीज असोत, ज्याचा पसारा त्याने भोवती भरीव आडोसा उभारायचा. अशा आडोशांची ड्रॉइंगं करून ती मंजूर करून घेणं हे आमच्या ऑफिसचं एक काम. पुण्यात शिकताना मी पुलांची स्वप्नं पाहत होतो. इथे येऊन लोकांचा पसारा झाकतो. आमच्या मोठ्या साहेबांना मात्र ते झाकणं वाटत नाही. त्यांच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर 'शहराचा चेहरा' असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या स्लाइडवर त्यांचा स्वतःचा चेहरा असतो.

परकारभाई पहिल्यांदा ऑफिसात आले ते नगरपालिकेची नोटीस घेऊन. उंच, सुकलेला माणूस. खांद्यात जरा वाकलेला, जन्मभर दुसऱ्यांची कपाटं उचलल्यासारखा. तशी त्यांनी ती उचललीही होती. म्हसळ्याकडचं गाव सोडून मिसरूड फुटायच्या वयात ते बहरीनला आले, आणि घरसामान बांधून हलवण्याचा धंदा त्यांनी उभा केला. बुसैतीनपासून जनाबियापर्यंत जे कोणी मराठी बिऱ्हाड हललं असेल, त्याच्या कपबश्या परकारभाईंच्या हातांनी कागदात गुंडाळल्या गेल्या असणार. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं असत. त्यातलं एक चालत नसे. फेकत का नाही, असं विचारलं तर म्हणत, "एकटं पडंल ना दुसरं."

नोटीस मी त्यांना समजावून सांगितली. आडोसा केवढा, पत्रा कसला, गेट कुठे. लोक अशा वेळी कपाळाला हात लावतात, ओळखीचं कोण आहे ते विचारतात. परकारभाईंनी मान डोलावली.

"चांगला नियम हाय," ते म्हणाले.

नगरपालिकेच्या नियमाबद्दल हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो.

"लोकांच्या घरात रस्त्यावरून कोन कशाला बगंल?" त्यांनी कारण दिलं.

"घरात नाही परकारभाई, यार्डात."

"तेच."

मला वाटलं, नियम त्यांना कळलेला नाही. साइट बघायला गेलो तेव्हा कळलं, की यार्ड मला कळलेलं नाही.

दुपारची वेळ होती. उन्हात सगळा तुबली पांढरा पडला होता आणि शेजारच्या गॅरेजचा ग्राइंडरसुद्धा जेवायला गेला होता. तेव्हा कुंपण म्हणजे नुसती जाळी, तिच्यावर फाटकं गोणपाट. परकारभाईंनी गेट उघडलं, चार पावलं चालले, आणि जमिनीवर ठेवलेल्या दोन विटांपाशी थांबून त्यांनी चपला काढल्या. मी टेप काढून त्यांना वळसा घालून सरळ पुढे निघालो.

"साहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले. "भिंत हाय."

मी थांबलो. पुढे भिंत नव्हती. पुढे एक हॉल होता. तीन आसनी सोफा, त्याच्यासमोर काचेचं टीपॉय, टीपॉयवर क्रोशाचा रुमाल. बाजूला टीव्हीचं युनिट, त्यात टीव्ही नाही, पण रिमोट ठेवायची वाटी. पलीकडे जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या. त्याच्याही पलीकडे डबल बेड, चादर खोचलेली, उशांवर प्लास्टिक. वर छत नाही, बाजूला भिंत नाही, खाली आखातातली भुरी माती. उन्हाने सोफ्याचा रंग कधीच उडाला होता, पण धूळ कुठे बोटभरही नव्हती. आणि हे एक घर झालं. त्याच्या पुढे दुसरं होतं, त्याच्या बाजूला तिसरं. कुठे पाळणा, कुठे देव्हाऱ्याचा स्टँड, कुठे व्यायामाची सायकल. अख्खी इमारत आडवी पाडून तिच्या भिंती कोणीतरी अलगद काढून नेल्या असाव्यात, तसं ते पसरलेलं होतं.

हे सामान परत येणाऱ्यांचं होतं. म्हणजे, 'परत येतो' म्हणून गेलेल्यांचं. नोकरी सुटली की माणूस म्हणतो, सहा महिन्यांत दुसरी बघतो आणि येतो, तोवर सामान ठेवा. दुसरा कोणीही ते एकावर एक रचून वर ताडपत्री टाकेल. परकारभाईंनी ज्या घरातून ते स्वतः बांधून आणलं, तिथे जसं लावलेलं होतं तसंच ते इथे लावलं होतं. कोणती खुर्ची खिडकीकडे, कोणती भिंतीकडे, हे सगळं डोक्यात. दाराच्या जागी दोन विटा. भिंतींसाठी काहीच नाही; भिंती त्यांना ठाऊक होत्या.

आणि ते भिंतीतून जात नसत. या एका गोष्टीची सवय व्हायला मला वेळ लागला. शेजारच्या घरातल्या टेबलावरचं फडकं दोन हातांवर असलं, तरी परकारभाई वळून विटांमधून बाहेर येत, पॅसेजने जात, दुसऱ्या विटांपाशी चपला काढत आणि मग आत जात. कुणाच्याही घरात शिरण्याआधी हवेत बोटाने बेल दाबत, जरा थांबत, मगच पाऊल टाकत. मी हसलो तेव्हा रागावले नाहीत. "तुमी कोनाच्या घरात न विचारता शिरता काय?" एवढंच म्हणाले. तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं, की मीसुद्धा काटकोनात वळतो आहे.

कुंपण उभं राहिल्यावर ते नीट झाकतं की नाही याची तपासणी इन्स्पेक्टरने एका नजरेत संपवली असती. परकारभाईंनी ती मला संपवू दिली नाही. रस्त्यापलीकडे उभं राहून बघा. आता फुटपाथवर बसून बघा. आता त्या ट्रकवाल्याला विचारून त्याच्या केबिनमधून बघा. एकदा तर त्यांनी मला त्या मार्गाच्या बसमध्ये बसवलं आणि स्वतः आत जाऊन एका सोफ्यावर बसले. मी खिडकीतून बघत गेलो आणि पुढच्या थांब्यावर उतरून घामाघूम होऊन परत आलो.

"दिसलो?"

"नाही."

"डोकं पन नाय?"

"टोपीसुद्धा नाही."

"अल्हम्दुलिल्ला," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लेकीबाळींच्या खोलीला एकदाचा पडदा लागल्याचं समाधान होतं. तेव्हा मला उमगलं, की आमच्या ऑफिसात आडोसा रस्त्यासाठी होता. रस्त्याला ओंगळ दिसू नये म्हणून. परकारभाईंच्या लेखी तो आतल्यांसाठी होता.

मी विचारलंच एकदा. इतका व्याप कशाला? रचून ठेवलं तर चौथ्या हिश्श्याच्या जागेत मावेल.

हे आम्ही गेटपाशी चहा घेत बोलत होतो. चहा ते कुणाच्याही हॉलमध्ये पीत नसत, मालक नसताना बरं दिसत नाही म्हणून.

"पयला रचूनच ठेवायचो," ते म्हणाले. "एक फॅमिली गेली, त्यांचं सगळं रचलं, ताडपत्री बांधली. मग दुपारचं कोन तरी ड्रॉवर उघडायचं. एक उघडायचं, बंद करायचं. दुसरं उघडायचं. कायतरी सापडत नसलं म्हंजे आपन कसं करतो, तसं."

"परकारभाई, लाकूड उन्हात फुगतं. आवाज येतो."

"हां. मी पन तेच बोल्लो, लाकूड हाय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग एक दिवस बायको बोल्ली फोनवर, त्यांना घर लावून द्या. लावून दिलं. त्या दिवसापासून आवाज बंद. ऊन तर तेवढंच हाय ना साहेब? लाकूड फुगायचं का थांबलं?"

मी अशा गोष्टी मानत नाही. भूत, मुहूर्त, मोठ्या साहेबांची दूरदृष्टी, यांपैकी कशावरच माझा विश्वास नाही. तरी उरलेला चहा मी यार्डाकडे तोंड करून प्यायलो, हे खरं आहे.

एकदा ड्रॉइंगवर सही करायला परकारभाई आमच्या जनाबियाच्या घरी आले. माझ्या बायकोने, मेधाने, त्यांच्यापुढे पोहे ठेवले. पोहे खाताना त्यांचं लक्ष पोह्यांत नव्हतं. नुसते बघत होते. पुस्तकांचं कपाट, त्याच्याशेजारी तिरकी ठेवलेली माझी वेताची खुर्ची, बाल्कनीकडचं दार. कौतुकाने बघतात तसं नव्हे. शिंपी बघतो तसं. पुढच्या वेळी यार्डात गेलो तर त्या पहिल्या घराला, पाटणकरांच्या घराला, लागून एक तुकडा झाडून साफ केलेला दिसला. दोन विटा. आत काही नाही.

"हे कोणाचं?"

"तुमचं."

"आम्ही कुठे चाललो नाही आहोत, परकारभाई."

"इंशाल्ला," ते म्हणाले.

बहरीनमध्ये इतकी वर्षं काढून या शब्दाचे माझ्या माहितीत बरेच अर्थ जमा झाले आहेत. बँकेतला वेगळा, गॅरेजमधला वेगळा. परकारभाईंच्या त्या इंशाल्लाचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

पाटणकरांबद्दल आता सांगायला हवं. ते बुसैतीनला राहत, एका कंपनीत अकाउंटंट होते. सगळं जग बंद पडलं त्या वर्षी त्यांची नोकरी गेली आणि मिळेल त्या विमानाने नवरा-बायको नाशिकला गेले. जाताना वहिनींनी परकारभाईंना बजावलं होतं, माझं घर विस्कटू नका हो. नाशिकला पोचल्यावर काही आठवड्यांतच त्या वारल्या. आम्हाला फोनवर कळलं. रंग उडालेला तो सोफा, क्रोशाचा रुमाल आणि रिमोटची वाटी त्यांचीच.

नंतर पाटणकर एकदा आले, बँकेची उरलीसुरली कामं उरकायला. सामानाचं काय ते ठरवावं म्हणून मी त्यांना यार्डात घेऊन गेलो. वाटेत मी त्यांना सावध करायचा प्रयत्न केला, की सामान जरा विचित्र पद्धतीने ठेवलेलं आहे. त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही. यार्डात शिरल्यावर कोणी न सांगता ते त्या दोन विटांपाशी गेले. बूट काढले. खिशातली हॉटेलच्या खोलीची किल्ली काढून रिमोटच्या वाटीत टाकली आणि सोफ्यावर बसले.

दिवस कलता होता, हवेत धूळ, सूर्य नुसता एक फिकट ठिपका. आम्ही दोघे बाहेर उभे होतो. पाटणकर बराच वेळ टीव्ही नसलेल्या युनिटकडे बघत बसले. मग त्यांनी मान जरा कलती केली, जेवणाच्या टेबलापलीकडे, जिथे बुसैतीनच्या घरात स्वयंपाकघर होतं त्या दिशेला. माणूस आतून आलेली हाक ऐकतो तसं.

"हो, हो," ते म्हणाले. "आलो. पाच मिनिटं."

आवाजात दुःख नव्हतं. किंचित वैताग होता, रोजचा, संसारातला.

परकारभाईंनी माझा दंड धरला. "चला साहेब. नवरा-बायकोचं चाललंय. आपन कशाला उभं राहायचं?"

पाटणकर बाहेर आले तेव्हा किल्ली वाटीतच विसरले होते. "राहू दे सगळं," एवढंच म्हणाले. "तिला इथे बरं वाटतं."

त्यानंतर कोपऱ्यावर उड्डाणपूल उभा राहायला लागला. चौकातली गर्दी कमी करायला तो हवाच होता, आणि तो चांगला बांधला जात होता. दुसऱ्यांचे पूल मी बारकाईने बघतो. परकारभाई रोज एक खांब वाढलेला बघत. रस्ता वर चढला की आमचं कुंपण बुटकं पडणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

पूल खुला झाला त्या आठवड्यात मी आणि मेधा त्याच्यावरून येत होतो. संध्याकाळ, गाड्या हळू.

"अरे," मेधा म्हणाली. "हळू घे. ते बघ. पाटणकरांचा हॉल आहे ना तो?"

खाली सगळं उघडं पडलं होतं. वरून ते आणखीच खरं दिसत होतं, भिंती असल्यासारखं. घराघरांच्या मधून परकारभाई फडकं घेऊन चालले होते, काटकोनात वळत, कुठे थांबून चपला काढत, कुठे रिकाम्या हवेत बोट दाबत.

"हे काय करतायत ते?"

"बेल वाजवतायत."

घरी पोचून दार उघडताना मेधा म्हणाली, "आपली खुर्ची तिरकी का असते रे नेहमी? सरळ कर ना ती."

तक्रारी येणारच होत्या. पुलावर गाड्या हळू होत, लोक मोबाइल बाहेर काढत. कोणी म्हणे सिनेमाचा सेट आहे, कोणी म्हणे मजूर राहतात, कोणी म्हणे पलंगावर बाई बसलेली दिसली. नगरपालिकेची दुसरी नोटीस आली: माल सार्वजनिक रस्त्यावरून दिसतो. यावेळी रस्ता वर होता, इतकाच फरक.

तोडगा होता. खांब रोवून अख्ख्या यार्डावर दाट हिरवी नेट ताणायची. गोदामांवर असते तशी. पुलावरून नुसतं हिरवं दिसलं असतं. मी ड्रॉइंग केलं. जागेचा बहरीनी मालक भला माणूस होता, तोही कबूल झाला. परकारभाईंना मी हाताशी धरून समजावलं.

"इन्स्पेक्टर येईल. विचारेल, हे काय आहे. तुम्ही फक्त म्हणायचं, स्टोअरेज. सामान ठेवलंय. बाकी मी बोलतो. सामान असलं तर झाकून चालतं. दुसरं काहीही असलं तर तुमच्या परवान्यात बसत नाही, मग सगळं उचलावं लागेल. कळलं ना?"

"सामान," परकारभाई म्हणाले.

"शाबास."

इन्स्पेक्टर तरुण होता, सभ्य, आणि त्याला हिंदी बरी येत होती. पुलावरून फोटो काढून आला होता. माझं ड्रॉइंग त्याने पाहिलं, नेटची जाडी विचारली, मान हलवली. पेनही उघडलं. मग उठून तो यार्डात शिरला आणि पाटणकरांच्या हॉलमधून, सोफा आणि टीपॉयच्या मधून, भिंतीतून सरळ आरपार चालत गेला. परकारभाईंनी डोळे मिटून घेतले. पलंगापाशी थांबून इन्स्पेक्टरने नीट खोचलेल्या चादरीकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, आणि मागे न वळताच विचारलं,

"हाजी, ये क्या है? स्टोअर है ना?"

एका शब्दाचं काम होतं. मी परकारभाईंकडे पाहिलं. ते इन्स्पेक्टरकडे बघत नव्हते. ते त्याच्या पलीकडे, त्या सगळ्या खोल्यांकडे बघत होते, एकेका दाराकडे. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"नहीं साहब," ते म्हणाले. "घर है."

"घर?"

"लोगों का घर है."

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी हसायचा प्रयत्न केला. "इनका मतलब है, घर का सामान..."

"इधर घर मफी, नहीं चलता, हाजी," इन्स्पेक्टर हळू आवाजात म्हणाला. गंमत अशी, की तोही आता खालच्या आवाजात बोलत होता. "ये एरिया में घर मना है. स्टोअर बोलो."

त्याने दिलेली ही दुसरी संधी होती. नियम मोडून दिलेली नव्हे, नियमात बसवून दिलेली; असा अधिकारी मी क्वचित पाहिला आहे. परकारभाईंनी नम्रपणे मान हलवली. नाही.

पेन बंद झालं. बाहेर जाताना इन्स्पेक्टर विटांपाशी क्षणभर थांबला आणि दारातून बाहेर पडला.

गाडी गेल्यावर मी चिडलो. तुमचंच सगळं जाणार आहे, एक शब्द बोलायला काय झालं होतं?

"बोल्लो असतो साहेब. तोंडावर आला होता." तोट्याची जाणीव परकारभाईंना माझ्यापेक्षा जास्त होती. "पन ते सगळे ऐकत होते ना. त्यांच्यासमोर त्यांना सामान कसं बोलू?"

"कोण ऐकत होते?"

ते वाकून दारातल्या विटा सरळ करायला लागले. शेजारच्या गॅरेजचा ग्राइंडर सुरू झाला आणि मला ते बरं वाटलं.

यार्ड रिकामं करायला मुदत मिळाली. परकारभाईंनी एकेकाला फोन लावले. ज्याचा फोन, त्याच्या दाराबाहेर उभं राहून, स्पीकरवर, म्हणजे आतही ऐकू जावं. पुण्याहून, दुबईहून, टोरोंटोहून आवाज येत. "अजून आहे ते?" "काय सोफा? आमचा?" "अहो टाकून द्या, कोण येतंय आता." एका बाईंना आपल्या घरात पाळणा होता हेच आठवेना. त्यांनी मुलाला विचारलं, तो मागून इंग्रजीत म्हणाला, व्हॉटेव्हर. प्रत्येक फोननंतर परकारभाई आत न जाता थोडा वेळ बाहेरच थांबत, वाईट बातमी सांगून झाल्यावर माणूस थांबतो तसे.

पाटणकरांना फोन लावला तेव्हा मी तिथे होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तिला विचारून सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "सोफाबिफा द्या कोणालाही. पण ती यायला तयार नाही हो. तिकडेच राहीन म्हणते."

परकारभाई माझ्याकडे आले. ऑफिसात आले, कडक इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही पेनं लावून. समोर मोठ्या साहेबांचं प्रेझेंटेशन चाललं होतं, शहराचा चेहरा. मला बाहेर बोलावून म्हणाले,

"साहेब, एक विचारायचं होतं. तुमची जागा सध्या रिकामीच हाय. पाटणकरवहिनींना थोडे दिवस तिथं चालंल काय?"

असल्या प्रश्नाला शहाणा माणूस काय उत्तर देतो, मला माहीत नाही. त्यांचं यार्ड हातातून जात होतं, धंदा बुडत होता, मुलगा गावी बोलावत होता. एका म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला काय जातं?

"चालेल," मी म्हणालो.

"वहिनींना विचारा," ते म्हणाले. त्यांच्या मते मेधाचंही घर होतं ते.

मी विचारलं नाही. विचारलं असं सांगितलं.

मग ट्रक आले. हमालांनी पहिल्या दिवशी हसत हसत कपाटं भिंतीतून उचलली. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर दोघे जण डबल बेड आडवा-तिडवा करत, घामाने निथळत, दोन विटांच्या मधून बाहेर काढत होते आणि तिसरा ओरडत होता, "संभालके, दीवार लगेगा!" कोणी हसत नव्हतं.

शेवटचा ट्रक गेला त्या संध्याकाळी मी पुलावर अडकलो होतो. पुढे कुठेतरी गाडी बंद पडली होती. वारा सुटला होता, धुळीने खाडी दिसेनाशी झाली होती आणि खालचं यार्ड त्या पिवळट उजेडात स्वच्छ, सपाट, रिकामं पडलं होतं. एक खुर्चीसुद्धा नव्हती. परकारभाई मात्र होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने ते कायमचे गावी जाणार होते, हे मला माहीत होतं. निरोप घ्यायला मी त्यांच्याकडेच निघालो होतो.

ते एकेक घर बंद करत होते. मोकळ्या जमिनीवर काटकोनात वळत, दारापाशी थांबत, कडी ओढल्यासारखा हात करत, विटा उचलून बाजूला ठेवत. पाटणकरांच्या दारापाशी ते थांबले. दार उघडून धरलं. जरा बाजूला सरले, वाट दिली. आणि मग सावकाश चालायला लागले, मधे दोनदा मागे बघत, ज्यांना चालायला वेळ लागतो अशा माणसाबरोबर चालतात तसे.

यार्डात आता एकाच दाराच्या विटा उरल्या होत्या, आमच्या. तिथे येऊन त्यांनी चपला काढल्या. शर्ट सारखा केला. बोट उचलून बेल दाबली आणि अदबीने एक पाऊल मागे सरून उभे राहिले. आत माणसं आहेत याची खात्री असलेला पाहुणा उभा राहतो, तसे.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पुढचा रस्ता मोकळा झाला होता. दार उघडायच्या आत मी गाडी पुढे काढली.